पाठीवरचं पाणी

जीपच्या टपावरून माझी सॅक खाली आली तीच पाणी गाळत. पहाटेचे साडेपाच वाजले होते. खुबी फाट्याला वळून खिरेश्वरकडे निघालं की गावाच्या अलीकडे एक लहानशी वस्ती लागते, तिथे आम्ही उतरलो होतो. तोलार खिंडीने हरिश्चंद्रगड चढायचा होता. मार्चचे शेवटचे दिवस. सॅक उघडली तर स्लीपिंग बॅग, जादाचे कपडे, चिवड्याची पुडी, सगळं गच्च भिजलेलं. पाण्याची पिशवी मात्र धड होती. फाटली नव्हती, झाकण घट्ट होतं, नळी जागच्या जागी होती. पाणी गेलं होतं ते नळीच्या टोकाकडून. तिथे दातांनी दाबायची मऊ झडप असते आणि तिच्यामागे एक छोटी खिट्टी. झडप दाबली की पाणी येतं. खिट्टी फिरवून ठेवली की कितीही दाबा, येत नाही. पुण्याहून निघताना ती खिट्टी मी फिरवली नव्हती. माझ्या सॅकवर आणखी चार सॅक रचल्या गेल्या, रस्त्यातल्या खड्ड्याखड्ड्याला झडपेवर दाब येत राहिला, आणि तीन लिटरमधलं जेमतेम अर्धा लिटर माझ्यासाठी उरलं.

ज्या घरी आमचा चहा होता त्या घरच्या मावशींनी काही न विचारता पडवीतला हंडा पुढे ओढला. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि त्या तांब्याने पाणी ओतू लागल्या. एक, दोन, तीन. पिशवी फुगत गेली, ताठ झाली, माझ्या हातात जड झाली. खाली नळी लोंबत होती. तिच्याकडे बघून मावशींचा हात थांबला.

"ह्ये सलाईन हाय व्हय, ताई? बरं न्हाई का तुमाला?"

बरी आहे म्हटलं, चालता चालता पाणी पिता यावं म्हणून आहे हे. त्यांनी नळी बोटांत धरून पाहिली, चौथा तांब्या ओतला, आणि मग हंडा जरा कलता करून आत किती उरलंय ते पाहिलं. त्यांचं ते बघणं माझ्या लक्षात राहिलं. विहीर कुठे आहे, हे तेव्हा मी विचारलं नाही.

मावशींचा अंदाज अगदी बरोबर होता. ही वस्तू जन्माला आली तीच सलाईनच्या पिशवीतून. 1989 साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, विचिटा फॉल्स गावी, भर ऑगस्टच्या उन्हात शंभर मैलांची सायकलफेरी होती. तिचं नावच 'हॉटर एन हेल हंड्रेड', नरकाहून तापलेले शंभर मैल. मायकेल आयडसन हा त्या फेरीतला एक सायकलस्वार तातडीच्या वैद्यकीय सेवेत काम करायचा. त्याने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, ती एका लांब मोज्यात घातली, मोजा पाठीवर अडकवला, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि तिच्या तोंडाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. त्यातून पुढे 'कॅमलबॅक' ही कंपनी उभी राहिली. दवाखान्यात जे पाणी आडवं पडलेल्या माणसाच्या शिरेत थेंबाथेंबाने जातं, तेच या माणसाने चालत्या माणसाच्या तोंडाशी आणलं. थेंबाथेंबाने, न थांबता, ही कल्पना मात्र तीच राहिली.

पाठीवर पाणी वाहायची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बकऱ्याच्या कातड्याची मशक खांद्याला लावून भिस्ती घरोघर पाणी घालायचे. मुंबईत डोंगरी भागात भिस्ती मोहल्ला हे नाव आजही आहे. त्याहून मोठी पखाल हल्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबायची. पखाल आता कुणी पाहिलेली नसते, पण म्हणीत ती टिकून आहे: आजार रेड्याला आणि औषध पखालीला. मी स्वतः ती म्हण पंधरा वर्षं जगले.

ट्रेकहून परतल्यावर रात्री माझं डोकं हमखास ठणकायचं. कानशिलं तडकायची, डोळ्यांसमोर प्रकाश नको व्हायचा. मी टोप्या बदलल्या, गॉगल बदलला, सॅकचे पट्टे बदलले, आदल्या रात्री लवकर झोपून पाहिलं. दुखणं तहानेचं होतं. सॅकच्या बाजूच्या खिशात लिटरच्या दोन बाटल्या असायच्या आणि संध्याकाळी त्यातली एक भरलेलीच घरी यायची. बाटली काढायला हात मागे पोचत नाही, कुणाला तरी काढून द्यायला सांगावं लागतं, थांबावं लागतं, रांग अडते. पण हे वरवरचं कारण. खरं कारण माझ्या आईकडून आलेलं आहे.

आई प्रवासात पाणी पीत नसे. पुणे ते कोल्हापूर एसटीत ती साताऱ्याच्या स्टँडवर फक्त ओठ ओले करायची. मी बाटली तोंडाला लावली की माझ्या मनगटावर हात ठेवायची. "पुरे. उगीच मध्येच अडचण नको." अडचण म्हणजे काय ते सांगावं लागत नसे. स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीचं दार, तिथलं पाणी, तिथला अंधार, हे सगळं त्या एका शब्दात होतं. तिला तिच्या आईने हेच सांगितलं असणार. डोंगरात तर दारही नाही. तिथे पुरुष चार पावलं बाजूला जाऊन पाठ फिरवतात. बाई आधी आडोसा शोधते, मग सोबतीला कोण थांबेल ते शोधते, आणि हा खटाटोप नको म्हणून पहाटेपासून घसा कोरडा ठेवते. माझ्याबरोबर चालणाऱ्या बहुतेक बायका असंच करतात. विचारलं की आधी नाही म्हणतात, आणि उतरताना कधीतरी हळूच कबूल करतात.

नळी तोंडाशी आली आणि हे बदललं. कुणी समजावलं म्हणून नाही बदललं. डाव्या खांद्यावरच्या पट्ट्याला ती अडकवलेली असते, मान जराशी वळवली की ओठांत येते. एक घोट, दहा-वीस पावलं, पुन्हा एक घोट. हात काठीवर, नजर वाटेवर. तहान लागायच्या आधीच पाणी पोटात गेलेलं असतं. पहिल्याच खेपेला राजगडाहून परतले त्या रात्री डोकं दुखलं नाही. मी बराच वेळ अंथरुणावर जागी राहून ते दुखायची वाट पाहत होते. वाटेत दोनदा कारवीच्या आड जावं लागलं होतं, एक मैत्रीण पाठमोरी उभी राहिली होती, आणि जग कुठे बुडालं नव्हतं. लघवीचा रंग फिकट आहे ना एवढं आता मी बघते, आणि सोबतच्या मुलींनाही स्पष्ट शब्दांत बघायला सांगते. हा विषय कुजबुजत बोलायचा नाही असं मी ठरवलं आहे.

पिशवी कोणती घ्यावी असं मला विचारतात तेव्हा लोकांना कंपनीचं नाव हवं असतं. मी आधी विचारते, तुमचा हात केवढा? पिशवीच्या तोंडातून मूठ आत जायला हवी. जात नसेल तर ती पिशवी आतून कधीच घासली जाणार नाही, आणि सह्याद्रीतल्या पावसाळी हवेत चार दिवसांत तिच्या कोपऱ्यात काळे ठिपके धरतील. तोंडं दोन तऱ्हेची मिळतात. एक मोठं फिरकीचं झाकण, बरणीसारखं. दुसरं म्हणजे पिशवीची वरची सगळी कड उघडते, ती दुमडायची आणि वरून पट्टी सरकवायची. फिरकीचं झाकण भरायला सोपं, एका हाताने पिशवी धरता येते, पण आटे तिरके बसले की गळतं. पट्टीचं तोंड पूर्ण उघडतं, उलटं करून धुता येतं, वाळतं लवकर. मी पट्टीची वापरते. पट्टी पिशवीला दोरीने बांधलेली असावी, नाहीतर टाक्यात पडते आणि मग पिशवी असून नसल्यासारखी.

मापाचा हिशेब तासांचा असतो, लिटरचा नाही. बेताच्या उन्हात, बेताच्या चढावर तासाला साधारण अर्धा लिटर लागतं. मार्च-एप्रिलच्या उघड्या चढावर त्याहून बरंच जास्त. तोलार खिंडीतून गडावरच्या देवळापर्यंत आमच्या चालीने पाच तास. म्हणजे दोन लिटरची पिशवी अपुरी, तीनची हवी. पण तीन लिटर म्हणजे तीन किलो, आणि ते वजन पहिल्या पावलापासून पाठीवर. म्हणून पिशवी तीन लिटरची घ्यावी आणि वाटेत पाण्याचा भरवसा असेल तेव्हा दोनच भरावी. दोनची पिशवी तीन लिटर कधीच घेणार नाही. सॅकमध्ये ती पाठीच्या कण्याला लागून असलेल्या कप्प्यात उभी लटकवायची; ओझं जितकं अंगाशी तितकं हलकं वाटतं. भरून झाल्यावर पिशवी उलटी करून नळीने आतली हवा ओढून घ्यायची. मग चालताना डचमळत नाही. नाहीतर प्रत्येक पावलाला पाठीमागे घागर हिंदकळत असल्यासारखा आवाज येत राहतो आणि लयच लागत नाही.

नळी साधारण मीटरभर लांब. तिच्यात एक मोठा घोटभर पाणी मावतं, आणि उन्हात तेवढं पाणी अक्षरशः तापतं. पहिला घोट चहासारखा, दुसरा गार. यावर उपाय सोपा आहे. पिऊन झालं की नळीत हलकी फुंकर मारायची, नळीतलं पाणी परत पिशवीत जातं. हिमालयात हीच फुंकर दुसऱ्या कारणासाठी मारतात, नळीतलं पाणी गोठू नये म्हणून.

पिशवीत साधं पाणीच भरावं. सरबत, ओआरएस, ग्लुकोज यातलं काही नाही. साखर नळीच्या आत चिकटते आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. मीठ-साखर लागतेच, नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि घामाबरोबर गेलेलं मीठ भरून काढलं नाही तर तेही अंगावर येतं, मळमळतं, डोकं जड होतं. ते मीठ-साखरेचं पाणी वेगळ्या बाटलीत. ही बाटली माझ्या सॅकच्या बाजूच्या खिशात कायम असते, लिटरची, स्टीलची. तिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

त्या दिवशी खिंडीपर्यंत झाडीची सावली मिळाली. खिंडीतलं वाघाचं शिल्प, त्याच्यावरचा शेंदूर, आणि तिथून वर उघडा कातळ. त्या कातळावर धरायला लोखंडी रेलिंग लावलेलं आहे. साडेनऊलाच त्याला हात लावता येईना, इतकं तापलेलं. तिथे कॉलेजातली पाच-सहा मुलं बसली होती. त्यातल्या एकाच्या पोटरीत गोळा आला होता; पाय लांब करून, दात आवळून बसला होता. रंग उडालेला. मला बघून म्हणाला, "काकू, थोडं पाणी आहे का?"

माझा हात खांद्यावरच्या नळीकडे गेला आणि तिथेच थांबला. पाणी दोन लिटरांहून जास्त होतं. पण ती नळी सकाळपासून माझ्या दाताखाली होती. ती दुसऱ्याच्या तोंडात कशी द्यायची? आपल्याकडे पाणी देण्याची एक रीत आहे. तांब्या असो, बाटली असो, ओठ न लावता वरून प्यायचं, म्हणजे पाणी उष्टं होत नाही आणि पुढच्याला देता येतं. या रीतीच्या आडून माणसामाणसांत भेद केले गेले, कुणाच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतलं गेलं, तेही मला माहीत आहे आणि त्याची लाज वाटते. पण डोंगरातल्या रांगेत, सगळ्यांची बाटली सगळ्यांची असते तेव्हा, त्याच रीतीमुळे एक लिटर पाणी दहा तोंडांना पुरतं. पिशवीला ही सोय नाही. तिची नळी एकाच माणसाच्या मापाने कापलेली, एकाच खांद्यावरून वळलेली, एकाच तोंडाशी येऊन संपलेली.

मी सॅक उतरवली आणि स्टीलची बाटली काढून त्याला दिली. त्याने मान मागे टाकली, बाटली वीतभर उंच धरली आणि मीठ-साखरेची ती धार सरळ घशात सोडली. कंठमणी खालीवर होत होता. अर्धी बाटली प्यायला, मग पुढच्या मुलाकडे दिली, त्याने तशीच वरून प्यायली. गोळा सुटायला दहा मिनिटं गेली. बाटली परत आली तेव्हा तिच्या तोंडाला एकाचाही ओठ लागलेला नव्हता.

पाठीवरच्या पाण्याची आणखी एक खोड आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. ते दिसत नाही. बाटली काढली की किती उरलंय ते डोळ्यांना कळतं, माणूस घोट आखडता घेतो. पिशवी पाठीमागे, कप्प्यात, कापडाआड. ती देत राहते, देत राहते, आणि मग एका घोटाला नळीतून नुसता फुर्रर आवाज येतो. तोवर सूचना म्हणून काहीच नाही. म्हणून दर विसाव्याला सॅक उतरवून पिशवी बाहेर काढून बघते, कंटाळा आला तरी. हंडा कलता करून बघणाऱ्या मावशींसारखं.

हरिश्चंद्रगडावर देवळाशेजारी कातळात खोदलेली टाकी आहेत. भर उन्हातून येऊन त्या पाण्यात हात घातला की थेट खांद्यापर्यंत गारवा चढतो. सह्याद्रीतल्या कित्येक गडांवर टाकं खोदताना मध्ये खांब राखून वर कातळाचं छत तसंच ठेवलेलं दिसतं. खांबटाकं म्हणतात त्याला. ऊन आत पोचत नाही, पाणी उडून जात नाही, वैशाखातही गार राहतं. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा गारवा ओळखीचा असेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी बघायला सांगितलं आहे, आणि पुढे जाऊन असंही सांगितलं आहे की एक झरा पुरतो म्हणून निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि त्याच वेळी पाणी जास्त लागतं, तेव्हा जादा टाकी खोदून ठेवावीत आणि ते पाणी राखावं. मी ते वाचलं तेव्हा मला किल्ल्यांपेक्षा माझी सॅक आठवली. एक पिशवी पुरते म्हणून निश्चिंत राहू नये.

टाक्यातून पिशवी भरणं हे एक कौशल्यच आहे. ती नुसती पाण्यात बुडवली तर भरत नाही. पाण्याच्या दाबाने तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात. स्टीलची बाटली दोरीला बांधून सोडायची, वर ओढायची, पिशवीच्या तोंडावर सुती पंचाची दुहेरी घडी धरायची आणि त्यातून ओतायचं. गाळ राहिला तर झडपेच्या चिरेत अडकतो. मग क्लोरीनचे थेंब, अर्धा तास थांबणं, आणि मगच पहिला घोट. त्या अर्ध्या तासात मी भिजलेली स्लीपिंग बॅग कातळावर पसरली. संध्याकाळपर्यंत ती खडखडीत वाळली, आणि रात्री गुहेत तिला उन्हाचा वास येत होता.

घरी आल्यावरचं काम कुणी सांगत नाही, पण पिशवी टिकते ती त्यावर. कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा, तासभर ठेवायचा, नळी लांब ब्रशने ओढून काढायची, झडप सुटी करून वेगळी धुवायची. मग वाळवणं. ओली पिशवी मिटते आणि आत कोंदट वास धरते, म्हणून मी तिच्यात स्वयंपाकघरातली रवी उभी घालते; भिंती सुट्या राहतात, हवा खेळते. उलटी करून मागच्या बाल्कनीत दोरीला टांगते. पुरती वाळली की फ्रीजरमध्ये, पुढच्या खेपेपर्यंत. थंडीत बुरशी वाढत नाही. आई होती तेव्हा एकदा फ्रीजर उघडून तिने ती पाहिली होती. हे काय, म्हणाली. पाणी प्यायची पिशवी, म्हटलं, चालताना पिते. तिने ती बाहेर काढली, नळी हातात घेतली. "मग अडचण होत नाही?" होते, म्हटलं, आणि मी जाते. ती काही बोलली नाही. पिशवीची घडी नीट करून तिने परत आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वस्तीवर उतरलो तेव्हा मावशी चुंबळ डोक्यावर ठेवून निघाल्याच होत्या. मी विचारलं, विहीर कुठे? ओढ्यापलीकडे, उताराला, म्हणाल्या. सॅक पडवीत टाकून मी त्यांच्याबरोबर गेले. पंधरा मिनिटं उतार, झाडांची बुंध्यापुरती सावली. दूर पिंपळगाव जोगाच्या धरणाचं पाणी पांढरं चमकत होतं. विहिरीला पोहऱ्याची दोरी बरीच सोडावी लागत होती, आणि मावशींनी ती सोडली, हिसका दिला, ओढली, सगळं एका लयीत. हंडा भरला, कळशी भरली. कळशी मी मागितली. त्या नको म्हणाल्या, मग दिली.

कमरेवर कळशी घेऊन चढताना माझ्या अंगाची एक बाजू चांगलीच भिजली. पावलागणिक पाणी काठावरून सांडत होतं, आणि प्रत्येक वेळी मला कळत होतं किती गेलं. मावशींच्या डोक्यावरच्या हंड्यातून थेंब पडत नव्हता. पडवीत पोचल्यावर त्यांनी हंडा उतरवला, माझी कळशी घेऊन रांजणात रिकामी केली, तिच्या तळाशी उरलेलं पाणी तांब्यात धरलं आणि तांब्या माझ्यापुढे केला.

"घ्या. आदी तुमी प्या."

मी तांब्या उंच धरला आणि वरून प्यायले.